जाड पाइपाचा लेगगार्ड

मोटारसायकल बहुतेक वेळा उभी असताना पडते. हे कंपनीच्या माहितीपत्रकात कुठे छापलेलं नसतं, मी अनुभवाने सांगतो. चालत्या वेगात माझी गाडी एकदाही पडली नाही. ती पडली ती वजनकाट्यापाशी, कारखान्याच्या गेटवर आणि एकदा तर बदलापूर गावातल्या आमच्या घरासमोर, मी खिशात किल्ली शोधत असताना. दोष गाडीचा नव्हता, माझाही नव्हता. दोष पोत्यांचा.

पोती म्हणजे माझा धंदा. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कपडे शिवण्याचे कारखाने आहेत. शिवणकामातून उरलेली कतरण ते पोत्यांत भरून विकायचे. ती मी उचलायचो. घरी बायको आणि मी ती निवडत बसायचो. बटणं, चेन, जाड शिवणी बाजूला, आणि मऊ सुती चिंधी तेवढी वेगळी. ती चिंधी अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत मशिनं पुसायला जायची. आधी चार वर्षं हे सगळं सायकलवर केलं. मग दोन हजार तीनच्या सुमारास एक जुनी मोटारसायकल घेतली. दोन पोती मागे आडवी, एक पुढे टाकीवर, आणि या दोन्हींच्या मध्ये मी. समोरून बघणाऱ्याला पोती चाललेली दिसायची आणि त्यांना हेल्मेट घातलेलं असायचं.

अशी भरलेली गाडी थांबवताना डावा पाय टेकायचा. पायाखालची जमीन वीतभर खोल निघाली की गाडी कलायची. कललेली गाडी तीन पोत्यांसकट सावरायची म्हणजे म्हैस गळ्यात घेऊन उभं राहायचं. मी शहाण्यासारखा सोडून द्यायचो आणि बाजूला उडी मारायचो.

अंबरनाथला एक काका होते. ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर म्हणून अख्खी नोकरी केलेले, निवृत्त झाल्यावर चाळीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचे. माझी गाडी त्यांच्याकडेच असायची. एके दिवशी त्यांनी इंजिनाच्या डाव्या बाजूच्या गोल झाकणावरचे ओरखडे मोजले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे कव्हर ॲल्युमिनियमचं आहे," ते म्हणाले. "आजवर मातीवर पडलास म्हणून वाचलास. एकदा दगडावर पड, म्हणजे फुटेल. तेल जाईल. तुला कळणार नाही, तू तसाच पळवशील. मग इंजिन जाम. मग परत सायकल."

"मग काय करू?"

"लेगगार्ड बसव. नावात पाय आहे, पण तुझ्या पायाचं मला काही पडलेलं नाही. इंजिनासाठी बसव."

परत सायकल, हे दोन शब्द मला पुरले. दुसऱ्याच दिवशी मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा, गोरा, पोट सुटलेला, डोळे सदा अर्धे मिटलेले. त्याच्या डोक्यावर हुकांना लेगगार्ड ओळीने टांगलेले होते. मी त्यातला एक दाखवला.

"कितने का?"

"साडेचारसौ."

"शेठ, मैंने गार्ड पूछा. गाडी तो है मेरे पास."

तो हसला. "भाऊ, हात लावून बघा ना. पाइप बघा. गाडी तुटेल, गार्ड नाही वाकणार."

"दीडशे."

"दीडशेमध्ये तर याचा नट येतो, साईं. बोल्टसाठी परत या."

मी रागावून दुकानातून निघालो. माझी पद्धतच ती. त्यातला राग खरा असायचा, म्हणून ती चालायची. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत गेलो, तेव्हा त्याने हाक मारली. परत आलो. परत भांडलो. त्याच्या गार्डची, त्याच्या दुकानाची, त्याच्या गल्लीतल्या खड्ड्यांची सगळी नालस्ती केली. परत निघालो. असं तीनदा झालं. पानवाल्याने तिसऱ्या वेळी मला बसायला स्टूल दिलं. शेवटी मी म्हणालो, दोनशे दहा, एक रुपया वर नाही.

शेठ माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. आजारी माणसाकडे बघतात तसा.

"ठीक है. भाऊ खूश, तर आपण खूश."

त्याने हुकावरचा गार्ड परत हुकाला लावला, आत गेला आणि तपकिरी कागदात गुंडाळलेला दुसरा घेऊन आला. "हा एकदम नवीन पीस. त्याच्यावर धूळ होती."

मी कागद सोडून बघितला. चकाकी एवढी, की त्यात माझी मिशी दिसली. बोल्ट मोजले, चार होते. वॉशर मोजले, तीन होते, चौथा भांडून घेतला. वेल्डिंगवरून नख फिरवलं. सगळं तपासलं. आणि मी, जो रोज एका हाताने पोतं उचलून अर्ध्या किलोच्या फरकाने वजन सांगतो, तो गार्ड दोन बोटांवर अडकवून शीळ घालत गाडीपर्यंत गेलो, आणि तो दोन बोटांवर राहतोय हे माझ्या लक्षात आलं नाही.

घरी बायकोने उचलून बघितला. "अहो, किती हलका आहे हा."

"हलका आहे म्हणूनच चांगला. गाडीला आधीच ओझं कमी आहे का?"

"किती सांगत होता?"

"साडेचारशे. दोनशे दहाला आणला."

"मग अर्धाच आणला असेल," ती म्हणाली आणि कतरण निवडायला बसली. तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. लग्नाला दहा वर्षं झाली होती.

महिन्याभरातच अंबरनाथच्या एमआयडीसीत एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर मी थांबलो. हे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गेटपास काढायला डावा हात खिशात घातला, डावा पाय उतारावर टेकला, आणि गाडी कलली. मी नेहमीप्रमाणे उडी मारली. मनातून निश्चिंत होतो. पडू दे, गार्ड आहे.

गाडी पडली. वॉचमन बाहेर येऊन म्हणाला, "काय रे, आज गाडीने पण पाया पडायचं ठरवलं का?"

आम्ही दोघांनी मिळून ती उचलली. गार्ड होता, पण जिथे होता तिथे नव्हता. तो पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आत दुमडला होता आणि त्याचा दुमडलेला कोपरा सरळ इंजिनाच्या झाकणात घुसला होता. काळं तेल धारेने वॉचमनच्या बुटावर पडत होतं.

"बरं झालं," तो खाली बघत म्हणाला, "चिंध्या तुझ्याजवळच आहेत."

स्टोअरकीपरने माल घेतला, पण मी बंद गाडी ढकलत निघालो हे त्याने खिडकीतून बघितलं. "सोमवारी नऊला माल नाही आला तर मला दुसरा माणूस आहे," एवढंच बोलला. तो दुसरा माणूस टेम्पोवाला होता, हे मला माहीत होतं.

काकांच्या शेडपर्यंत गाडी ढकलत नेली. त्यांनी गार्ड सोडवला, दोन बोटांवर धरला, हलवला, पान खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाले, "गार्ड नसता तर वाचली असती."

आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले. त्यांतलं बरंचसं मी विसरलो. हे वाक्य विसरलो नाही. मी ज्याला पैसे मोजून राखणीला ठेवला, त्यानेच चोरी केली होती.

काकांनी मला समजावलं. मी संतापलेलो असताना ते नेहमी सावकाश बोलायचे, त्याने मी आणखी संतापायचो. पाइप पत्र्याइतका पातळ. त्यात कोपऱ्यावर वाकवताना चपटा झालेला, म्हणजे दुमडायची जागा आधीच करून ठेवलेली. आणि ती जागा नेमकी इंजिनासमोर. "गार्ड थोडा वाकला तर चालतो," ते म्हणाले. "मार तोच खातो ना. पण त्याने इंजिनापासून लांब राहून मार खायचा."

दुसऱ्या दिवशी तो दुमडलेला गार्ड मी शेठच्या काउंटरवर आपटला. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, मला तेच हवं होतं.

"ये क्या है?"

शेठने डोळे अर्धे उघडले. "दोनशे दहाचा गार्ड आहे."

"तुमने बोला था, गाडी टूटेगी, गार्ड नहीं वाकेगा!"

"ते मी त्याच्याबद्दल बोललो." त्याने हुकाकडे बोट दाखवलं. "साडेचारशेवाल्याबद्दल. भाऊ, तुम्ही भाव पाडला, मी पाडू दिला. पाइपबद्दल तुम्ही कधी विचारलं? वॉशर मोजले. चार."

गिऱ्हाइकं हसली. मी तिथे जे बोललो ते सगळं लिहीत नाही. पण शेवटी असं बोलून बसलो, की तुझ्या साडेचारशेवाल्यापेक्षा चांगला गार्ड मी स्वतः बनवून आणतो आणि तुझ्या दुकानासमोर, लोकांदेखत, माझी गाडी त्याच्यावर पाडून दाखवतो.

शेठ एकदम जागा झाला. "कधी?"

"रविवारी!"

"इंजिनाला काही झालं नाही, तर नवीन कव्हर मी देणार. फुकट." तो काउंटरवर पुढे झुकला. "आणि झालं तर एक दिवस इथे उभं राहायचं. या जागेवर. कोणी घासाघीस केली की हात जोडून म्हणायचं, भाऊ, शेठचा भाव बरोबर आहे."

मी हो म्हणालो. मला हो म्हणायचं नव्हतं, पण लोक बघत होते.

काका ऐकून आधी पाच मिनिटं हसले. मग गंभीर झाले. "कव्हर मी आज नवीन टाकतो. पण रविवारी तेही फुटलं, तर आतलं मॅग्नेटपण जाणार. मग गाडी महिनाभर इथे, आणि सोमवारी नऊला तू काय डोक्यावर पोतं नेणार?"

"तुम्ही बनवा हो. होईल."

"बनवतो. पण आधीच सांगतो. पैसे मी सांगेन तेवढे. घासाघीस केलीस तर वाळू कमी भरीन."

वाळूचं काय ते मला शनिवारी कळलं. जाड पाइप घेऊन त्यांनी एक टोक लाकडी खुंटीने बंद केलं. वरून कोरडी बारीक वाळू ओतली. ओतता ओतता पाइपाला हातोडीने टकटक करत राहिले, म्हणजे वाळू खाली बसेल. पुन्हा ओतली, पुन्हा टकटक. अर्धा तास हेच. मग दुसरी खुंटी ठोकली, वाकवायची जागा गॅसवर लालभडक केली आणि झाडाच्या बेचक्यात अडकवून अंगाचा भार टाकला. पाइप गोल वळला, कुठेही चपटा झाला नाही. आत वाळू होती ना, दबणार कुठे? मी बाजूला उभा राहून माझ्या स्वभावाशी झगडत होतो. त्यांनी सांगितलेली रक्कम मला जास्त वाटत होती आणि जिभेवर आलेला आकडा मी तीनदा गिळला. बोल्ट त्यांनी फ्रेमला मारले, गार्ड इंजिनापासून चांगला वीतभर बाहेर काढला.

रात्री झोप लागली नाही. गार्डवर विश्वास होता, पण गाडी माझी होती. म्हणून रविवारी निघताना मी थोडी व्यवस्था केली. दोन पोती मऊ कतरणीने गच्च भरली आणि नेहमीसारखी वर आडवी न बांधता, दोन्ही बाजूंना खाली, अगदी फूटरेस्टपर्यंत लोंबती बांधली. बायकोने बघितलं. "आज सुट्टी, माल कोणाला देताय?"

"रोज जशी चालवतो, तशीच पाडायला नको का?"

"रोज तुमची पोती इतकी खाली असतात?"

मी किक मारली.

दुकानासमोर गर्दी जमली होती. शेठने रस्त्यावर खडूने गोल काढून ठेवला होता. शेजारच्या दुकानदारांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. उसाच्या रसाची एक गाडी आपोआप येऊन उभी राहिली होती. काका रिक्षाने आले आणि एका खुर्चीवर बसले, जणू माझ्याशी त्यांची ओळख नाही.

शेठ गाडीभोवती एक फेरी मारून आला. पोत्यात बोट खुपसून बघितलं.

"भाऊ," तो मोठ्याने म्हणाला, "गाडी पडायला आली आहे की झोपायला?"

सगळी गल्ली हसली. खुर्चीवर बसलेले काकाही हसले, ते मला आवडलं नाही.

"माझी गाडी रोज अशीच असते!"

"मग रोज गार्ड कशाला पाहिजे? उशी आहे ना. खोला, साईं, खोला."

पोती सोडावी लागली. गाडी एकदम उघडी आणि लहान दिसायला लागली. मी ती खडूच्या गोलात उभी केली, हँडल धरलं, डावीकडे थोडी कलवली आणि थांबलो. हात सुटेचना. चार वर्षं सायकल मारून घेतलेली गाडी. उद्या सकाळी नऊची वेळ. तिला मी आजवर शंभरदा पडू दिलं असेल, पण पाडलं कधी नव्हतं.

"डर लागला?" शेठ म्हणाला. "माझा माणूस ढकलेल."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही कोणी!" मी ओरडलो, आणि ओरडताना दोन्ही हात वर गेले.

गाडी पडली. आवाज एवढा झाला, की समोरच्या गच्चीवरून कबुतरं उडाली. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा काका खुर्चीवरून उठून गाडीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी इंजिन आणि रस्ता यांच्यामधल्या फटीत मूठ घातली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी गोल फिरवली. कव्हरला ओरखडासुद्धा नव्हता. तेलाचा थेंब नव्हता. गार्डचा रंग मात्र बोटभर खरवडला होता. डावा आरसा फुटला होता आणि क्लचचा लिव्हर मोडून लोंबत होता.

"आरसा गेला," शेठ म्हणाला.

"शर्त इंजिनाची होती!"

"मी कुठे नाही म्हटलं?" त्याने तिथल्या तिथे नवीन कव्हरचा खोका आणून माझ्या हातात दिला. कुरकुर नाही, वाद नाही. एवढा सरळ माणूस बघून मला शंका यायला हवी होती. मी तर रस पीत होतो.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी विचारलं, "शेठ, ऐसा गार्ड आपके पास है क्या?"

"है ना!" शेठने हुकावरचा गार्ड काढला. "सेम जाड पाइप. अभी देखा ना आँखों से?"

"तो हा नाही!" मी रसाचा ग्लास हातात धरून ओरडलो. "हा आम्ही बनवलाय! काका, सांगा ना!"

काकांनी शेठच्या हातातला गार्ड घेतला, तोलला, वळणावरून अंगठा फिरवला. "हा पण चांगला आहे रे," ते म्हणाले. "चपटा नाही कुठे. तुला हाच घ्यायचा होता."

माझ्या डोळ्यांदेखत पाच गार्ड गेले. साडेचारशेला. एकानेही भाव विचारून पुढे तोंड उघडलं नाही, कारण माझी गाडी अजून रस्त्यावर आडवी होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. सहावा माणूस मात्र माझ्यासारखा निघाला. बायकोला घेऊन आलेला, हनुवटी वर, एक पाय आधीच दुकानाबाहेर.

"दोनशे देतो. द्यायचा तर द्या."

शेठ सुटे पैसे मोजत राहिला. मला राहवलं नाही. त्या माणसाचा तो बाहेर ठेवलेला पाय बघून माझं डोकं फिरलं.

"दोनशेमध्ये काय मिळतं ते मला विचारा!" मी म्हणालो. "कागदात गुंडाळलेला पत्रा मिळतो! हात लावा, उचलून बघा आधी. साडेचारशे बरोबर आहेत याचे!"

तो माणूस दचकला. त्याच्या बायकोने गार्ड उचलून बघितला आणि पर्स उघडली. ते गेल्यावर मी मागे वळलो, तर शेठ हात जोडून उभा होता, डोळे पूर्ण मिटलेले, पोट हलत होतं.

तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. मी खोका काउंटरवर आपटला आणि म्हणालो, सहा गार्ड माझ्या गाडीमुळे विकलेस, तेव्हा लिव्हर आणि आरसा दोन्ही दे. शेठ म्हणाला, लिव्हर देतो, तो पडल्यामुळे मोडला. आरसा नाही, आरसा तुम्ही ओरडल्यामुळे फुटला, हात वर केले नसते तर गाडी सावकाश पडली असती. मी म्हणालो, ओरडायला कोणी लावलं? यावर तासभर गेला. काका रिक्षा करून निघून गेले. रसवाला गेला. खुर्च्या आत गेल्या. लिव्हर त्याने स्वतः बसवून दिला, आरसा दिला नाही.

सोमवारी नऊला माल पोचला. स्टोअरकीपरने गाडीकडे बघून विचारलं, डावा आरसा कुठाय? मी म्हणालो, येतोय. तो आरसा मी अजून विकत घेतलेला नाही. पुढची दोन वर्षं तशीच गाडी चालवली. कॅम्प तीनमधून जाताना डावीकडचं दुकान बघायला मला मान वळवावी लागायची. शेठ हात करायचा. मी हॉर्न द्यायचो, आणि तो चांगला लांबलचक द्यायचो.